लिनक्सवर नेट चालत नाही? आधी बिघाड कुठल्या पायरीवर आहे ते शोधा

साताऱ्याला मामांच्या जुन्या लॅपटॉपवर मी लिनक्स मिंट टाकून दिलं, तेव्हापासून महिन्या-दोन महिन्यांनी एक फोन ठरलेला, "अगं, नेट गेलंय बघ." मागच्या पावसाळ्यात असाच फोन आला तेव्हा मी प्रवासात होते, म्हणून त्यांनी शेजारच्या एका मुलाला बोलावलं, त्याने मनापासून खटपट केली, ड्रायव्हर (मशीनमधले भाग चालवणारे प्रोग्राम) शोधले, सेटिंग बदलली, शेवटी अख्खी सिस्टीम परत टाकली आणि तरीही नेट नाहीच. रात्री मी फोनवर पहिलंच विचारलं की केबल लॅपटॉपमध्ये जिथे घुसते तिथला बारका लाईट लागतोय का. नव्हता लागत. केबलच्या टोकाची प्लॅस्टिकची क्लिप मोडलेली होती आणि टोक अर्धवट बाहेर आलं होतं, नीट आत दाबल्यावर नेट चालू. त्या फॉरमॅटमध्ये मामींचे पंढरपूरचे फोटो गेले ते मात्र परत आले नाहीत, आणि मला ते अजून लागतं.

म्हणून हे सगळं एकदा नीट लिहून ठेवतेय. लिनक्सवर नेटचा प्रॉब्लेम सोडवायला सिस्टीम परत टाकायची वेळ जवळजवळ कधीच येत नाही, कारण कुठे अडलंय ते लिनक्स स्वतः सांगतं, फक्त विचारायचं कसं ते माहीत पाहिजे. "नेट नाही" हे एकच वाक्य आपण पाच वेगळ्या बिघाडांना वापरतो: तार किंवा सिग्नल जोडला गेलेला नाही, जोडलाय पण मशीनला आयपी ॲड्रेस (नेटवर्कवरचा मशीनचा नंबर) मिळालेला नाही, ॲड्रेस मिळालाय पण राउटरपर्यंत पोचत नाही, राउटरपर्यंत पोचतंय पण घराबाहेर जात नाही, आणि शेवटचं म्हणजे बाहेर जातंय पण वेबसाईटच्या नावाचा नंबर सापडत नाही. या पाच पायऱ्या आहेत असं समजा, नेहमी खालून सुरू करायचं आणि जी पायरी पहिल्यांदा मोडलेली दिसेल तिथेच थांबून तीच दुरुस्त करायची. खालची पायरी मोडलेली असताना वरची सेटिंग बदलत बसलात तर नवीन बिघाड घुसतो, आणि मग दोन-दोन गोष्टी शोधाव्या लागतात.

कमांड मी फोनवर सांगते तशाच देवनागरीत लिहिल्यात. टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, त्या इंग्रजी छोट्या अक्षरांत टाइप करायच्या, मी मुद्दाम कॅपिटल म्हटलं तरच कॅपिटल, आकडेही इंग्रजी. डॅश म्हणजे वजाबाकीची खूण. अक्षरांमधल्या छोट्या रेघा आणि स्वल्पविराम टाइप करायचे नाहीत, आणि 'स्पेस' म्हटलंय तिथेच मोकळी जागा सोडायची. स्पेलिंग उच्चारावरून कळणार नाही तिथे एकेक अक्षर फोडून दिलंय. टर्मिनल उघडायला मिंट आणि उबुंटूवर (हे लिनक्सचेच प्रकार) कंट्रोल, आल्ट आणि टी एकदम दाबा.

टर्मिनल उघडायच्या आधी दोन मिनिटं

त्याच वायफायवर फोन लावून बघा, पण फोनचा मोबाईल डेटा बंद करून, नाहीतर फोन गुपचूप डेटावर चालतो आणि आपण म्हणतो वायफाय ठीक आहे. फोनवरही नेट नसेल तर लॅपटॉपला हात लावू नका. फायबर असेल तर भिंतीवरच्या डब्याकडे बघा, त्यावर एलओएस लिहिलेला लाईट लाल झाला असेल तर फायबरमधून प्रकाशच येत नाहीये, म्हणजे बाहेर कुठेतरी फायबर तुटलंय किंवा घरात कपाट सरकवताना ते काटकोनात वाकलंय, आतमध्ये काचेची तार असते, ती इतकी वाकलेली तिला सोसत नाही. हे तुमच्या कुठल्याही कमांडने सुटणार नाही, नेटवाल्याला फोन करा. वीज गेल्यानंतर इन्व्हर्टर येईपर्यंतच्या एका सेकंदात राउटर रीस्टार्ट होतो आणि त्याला पूर्ण उठायला दोन-तीन मिनिटं लागतात, तेवढीही वाट बघा.

फोनवर चालतंय, लॅपटॉपवर नाही? मग पुढे वाचा.

मशीनला स्वतःचं कार्ड दिसतंय का

पहिली कमांड:

एन-एम-सी-एल-आय, स्पेस, डिव्हाइस

ही नेटवर्क मॅनेजर नावाच्या प्रोग्रामशी बोलते, मिंट, उबुंटू, फेडोरा, डेस्कटॉपवालं डेबियन, सगळीकडे तोच असतो. एक छोटा तक्ता येईल. त्यात 'ई-एन' ने सुरू होणारं नाव म्हणजे तारेचं कार्ड (मशीनला नेटशी जोडणारा भाग), उदाहरणार्थ ई-एन-पी-३-एस-०, आणि 'डब्ल्यू-एल' ने सुरू होणारं म्हणजे वायफाय, उदाहरणार्थ डब्ल्यू-एल-पी-२-एस-०. हे आकडे कार्ड मदरबोर्डवर कुठल्या जागी आहे त्यावरून ठरतात, त्यामुळे तुमचे वेगळे असतील, तुमचं नाव कागदावर लिहून ठेवा, पुढे सारखं लागणार आहे. 'एल-ओ' नावाचं एक दिसेल ते मशीनचं स्वतःशी बोलायचं आहे, त्याच्याकडे लक्ष देऊ नका.

नावासमोर 'स्टेट' च्या रकान्यात जो शब्द आहे तो नीट वाचा, अर्धं निदान तिथेच होतं. 'कनेक्टेड' असेल तर पहिल्या दोन पायऱ्या ठीक आहेत, सरळ राउटरच्या पायरीवर जा. 'डिस्कनेक्टेड' म्हणजे कार्ड तयार आहे पण कशालाच जोडलेलं नाही. 'अनअव्हेलेबल' तारेच्या कार्डापुढे असेल तर केबलमधून सिग्नल नाही, वायफायपुढे असेल तर रेडिओ बंद आहे किंवा फर्मवेअर (कार्डाच्या आत चालणारा प्रोग्राम) नाही. 'अनमॅनेज्ड' म्हणजे नेटवर्क मॅनेजरला सांगितलंय की या कार्डाला हात लावू नकोस, हे डेबियनवर जास्त दिसतं, तिथे इन्स्टॉल करताना कार्डाचं नाव ई-टी-सी फोल्डरमधल्या नेटवर्क फोल्डरातल्या 'इंटरफेसेस' फाईलमध्ये लिहिलं जातं आणि मग नेटवर्क मॅनेजर त्याच्यापासून लांब राहतो. त्या फाईलमध्ये 'एल-ओ' च्या ओळी ठेवून तुमच्या कार्डाच्या ओळींपुढे हॅशची खूण टाका, मशीन रीस्टार्ट करा, पुरे. आणि तक्त्यात कार्डाचं नावच नसेल तर ड्रायव्हरचा प्रश्न आहे, तो वायफायच्या भागात घेतलाय.

तार

तारेचं नेट तपासायला सोपं असतं म्हणून मी वायफायचा प्रॉब्लेम असला तरी आधी केबल लावून बघायला सांगते. केबल लावल्यावर दोन्ही टोकांना, लॅपटॉपकडे आणि राउटरकडे, बारीक लाईट लागायला हवेत. काही लॅपटॉपच्या पोर्टला लाईटच नसतो, तेव्हा टाइप करा:

आय-पी, स्पेस, लिंक

तुमच्या कार्डाच्या ओळीत 'नो कॅरिअर' दिसलं तर पलीकडून विजेचा सिग्नलच येत नाहीये, आणि 'लोअर अप' दिसलं तर तार जिवंत आहे. 'नो कॅरिअर' असताना आयपी ॲड्रेस हाताने टाकणं, ड्रायव्हर बदलणं, काहीही उपयोगाचं नाही. या क्रमाने बघा: केबल काढून टक आवाज येईपर्यंत परत लावा, राउटरचं दुसरं पोर्ट वापरा, दुसरी केबल वापरा, त्याच केबलला दुसरं मशीन लावा. राउटरवर वॅन लिहिलेलं वेगळ्या रंगाचं पोर्ट असतं, लॅपटॉपची केबल त्यात नाही, लॅनच्या पोर्टात जाते, घाईत हे उलटं झालेलं मी बऱ्याच घरांत बघितलंय.

केबल जोडलीय, नेट आहे, पण फार हळू, किंवा मोठी फाईल उतरवताना ठरावीक वेगापुढे जातच नाही, तर हे बघा:

कॅट, स्पेस, स्लॅश एस-वाय-एस स्लॅश क्लास स्लॅश नेट स्लॅश ई-एन-पी-३-एस-० स्लॅश स्पीड

उत्तर १००० आलं तर उत्तम. १०० आलं आणि तुमचं राउटर-लॅपटॉप दोन्ही गिगाबिटचे (१००० मेगाबिटचे) असतील तर केबलमधली एखादी तार तुटलीय, याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. केबलमध्ये आठ तारा, म्हणजे चार जोड्या असतात. १०० मेगाबिटला त्यातल्या दोनच जोड्या लागतात, १, २, ३ आणि ६ नंबरच्या पिना, पण गिगाबिटला चारही जोड्या लागतात. त्यामुळे निळी किंवा तपकिरी तार तुटली तर नेट बंद पडत नाही, ते मुकाट्याने १०० वर उतरतं आणि आपण वर्षभर नेटवाल्याशी भांडत राहतो. टोक परत बसवून (क्रिम्प करून) घ्यायचं असेल तर डावीकडून क्रम असा असतो, टोकाची क्लिप पलीकडे आणि सोनेरी पिना आपल्याकडे धरून: पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. दोन्ही टोकांना तोच क्रम. केबलची लांबी १०० मीटरच्या आत हवी, गावाकडे वाड्यातून गोठ्यापर्यंत किंवा एका इमारतीवरून दुसरीवर केबल टाकतात तेव्हा हे विसरलं जातं. आणि उघड्यावरून टाकलेल्या तांब्याच्या केबलमधून वीज कडाडल्यावर झटका येतो, तेवढ्याने पोर्ट जळतं, लाईट कायमचा जातो. पावसाळ्यात गडगडाट सुरू झाला की ती केबल दोन्हीकडून काढून ठेवा, हे मी कळकळीने सांगते. पोर्ट जळलं असेल तर मशीन टाकून द्यायची गरज नाही, यूएसबीला लागणारं लॅनचं ॲडॉप्टर मिळतं आणि बहुतेक ॲडॉप्टर लिनक्सवर काही न टाकता चालतात.

एक भारतातलं खास कारण: काही ठिकाणी केबलवाला तुमच्या कार्डाचा मॅक ॲड्रेस (कार्डाचा ओळखनंबर) त्याच्याकडे नोंदवून ठेवतो आणि फक्त त्यालाच नेट देतो. विंडोजच्या मशीनवर चालणारी तीच केबल लिनक्सच्या दुसऱ्या मशीनला लावली की लाईट लागतो पण ॲड्रेस मिळत नाही. केबलवाल्याला नवीन मॅक कळवा, नाहीतर मध्ये राउटर लावा, राउटरच्या सेटिंगमध्ये 'मॅक क्लोन' असतं, त्यात जुना मॅक टाकायचा.

ॲड्रेस

आय-पी, स्पेस, ए

तुमच्या कार्डाखाली 'आयनेट' ने सुरू होणारी ओळ शोधा, 'आयनेट ६' नाही, नुसती 'आयनेट'. तिच्यापुढे १९२.१६८ किंवा १० ने सुरू होणारा आकडा असेल तर ॲड्रेस मिळालाय. विंडोजवर ॲड्रेस मिळाला नाही की १६९.२५४ ने सुरू होणारा आकडा येतो, लिनक्सवर नेटवर्क मॅनेजर असताना बहुतेक वेळा ती ओळच येत नाही, नेटचं चिन्ह गोल फिरत राहतं आणि पाऊण मिनिटाने सोडून देतं. म्हणजे मशीनने "मला ॲड्रेस द्या" असं ओरडून विचारलं आणि राउटरने उत्तर दिलं नाही.

आधी जोडणी परत करून बघा. 'एन-एम-सी-एल-आय, स्पेस, कनेक्शन' टाइप केलं की जोडण्यांची नावं दिसतात, तारेची बहुतेक 'वायर्ड कनेक्शन १' असते. मग 'एन-एम-सी-एल-आय, स्पेस, कनेक्शन, स्पेस, अप, स्पेस' आणि पुढे अवतरण चिन्हांत ते नाव. त्याने झालं नाही तर सेटिंगमध्ये जोडणीच्या आयपीव्ही४ च्या पानावर 'ऑटोमॅटिक' आहे का बघा, कधीकाळी कुणीतरी हाताने आकडे टाकून ठेवलेले असतात, जुन्या राउटरचे, आणि राउटर बदलला की ते आकडे जुळत नाहीत. तेही ठीक असेल तर राउटर बंद करून अर्ध्या मिनिटाने चालू करा.

इथे एक प्रकार सांगायलाच हवा कारण फायबर घेतलेल्या कितीतरी घरांत तो आहे. फायबरचा डबा स्वतःच एक राउटर असतो आणि आपण त्याला आपला जुना राउटर जोडतो. दोघांचाही ॲड्रेस १९२.१६८.१.१ असेल तर आपल्या राउटरला कळत नाही की १९२.१६८.१ वाली माणसं घरातली की बाहेरची, आणि नेट कधी चालतं कधी नाही. आपल्या राउटरच्या लॅन सेटिंगमध्ये जाऊन त्याचा ॲड्रेस १९२.१६८.५०.१ असा काहीतरी वेगळा करा. त्याहून सोपं म्हणजे आपला राउटर 'ॲक्सेस पॉइंट' मोडमध्ये टाका, मग तो ॲड्रेस वाटायच्या भानगडीत पडत नाही.

राउटर, मग बाहेर, मग नाव

आता तीन पिंग, म्हणजे समोरच्याला हाक मारून उत्तर येतं का ते बघायचं, याच क्रमाने. आधी राउटरचा ॲड्रेस काढा:

आय-पी, स्पेस, राउट

'डिफॉल्ट व्हाया' च्या पुढचा आकडा म्हणजे तुमचा राउटर, समजा १९२.१६८.१.१. ओळीच्या शेवटी 'मेट्रिक' असतं, तारेला साधारण १०० आणि वायफायला ६००, आणि कमी आकडा जिंकतो, म्हणून दोन्ही जोडलेले असताना नेट तारेने जातं. तिथे २०१०० किंवा २०६०० असा मोठा आकडा दिसला तर ती नेटवर्क मॅनेजरचीच खूण आहे, त्याने तपासून बघितलंय की या वाटेने बाहेर जाता येत नाही, म्हणून ती वाट मागे ढकललीय. 'डिफॉल्ट' ची ओळच नसेल तर ॲड्रेसच्या पायरीवर परत जा.

पिंग, स्पेस, डॅश सी, स्पेस, ४, स्पेस, १९२.१६८.१.१

चार उत्तरं आली, वेळ तारेवर १ मिलिसेकंदाच्या आसपास, वायफायवर २ ते १० असली की घरातलं सगळं ठीक. वायफायवर मधूनच ३००, ५०० असे आकडे आले किंवा चारातली दोनच उत्तरं आली तर सिग्नलचा प्रश्न आहे, बाहेरच्या कंपनीचा नाही. मग तसंच १.१.१.१ ला, म्हणजे घराबाहेरच्या एका सर्व्हरला, पिंग करा. राउटर उत्तर देतोय आणि १.१.१.१ देत नाही, तर अडचण राउटरच्या पलीकडे आहे, रिचार्ज संपलाय का तेही बघा. मग तिसरं, नावाला, म्हणजे विकिपीडिया डॉट ओआरजी ला पिंग. आकड्याला उत्तर येतंय पण नावाला 'टेम्पररी फेल्युअर इन नेम रिझोल्युशन' असं येतंय, तर सापडलं, डीएनएस, म्हणजे नावावरून नंबर शोधून देणारी सेवा.

डीएनएस सध्या कुठला आहे ते 'रिझॉल्व्ह-सी-टी-एल, स्पेस, स्टेटस' ने कळतं. लोक ई-टी-सी मधली रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ फाईल उघडतात, तिथे १२७.०.०.५३ बघून घाबरतात आणि ते खोडून टाकतात, कृपा करून तसं करू नका. उबुंटू आणि मिंटवर तो आकडा बरोबरच आहे, मशीनमधलाच एक प्रोग्राम तिथे बसून प्रश्न पुढे पाठवतो, आणि ती फाईल हाताने बदलली तर पुढच्या जोडणीला ती परत लिहिली जाऊ शकते. बदल करायचा तर जोडणीच्या सेटिंगमध्ये, आयपीव्ही४ च्या पानावर, डीएनएसचं 'ऑटोमॅटिक' बंद करून १.१.१.१ आणि ८.८.८.८ टाका, सेव्ह करा आणि जोडणी बंद-चालू करा.

तिन्ही पिंग चालतात आणि तरी ब्राउझर रडतोय? दोन कारणं शोधा. एक म्हणजे घड्याळ. जुन्या डेस्कटॉपमधला घड्याळाचा सीआर २०३२ सेल संपला की मशीन दर वेळी कुठल्यातरी जुन्या तारखेला उठतं, आणि मग सगळ्या सुरक्षित साईट म्हणतात सर्टिफिकेट चुकीचं आहे. 'टाइम-डेट-सी-टी-एल' टाइप करून तारीख बघा. सेल बदलायला स्क्रूड्रायव्हरशिवाय काही लागत नाही.

दुसरं कारण जरा खोल आहे, ते म्हणजे काही साईट उघडतात, काही अर्ध्या उघडून लटकतात. फायबरची बरीच कनेक्शन पीपीपीओई (नेटवाल्याकडे लॉगिन करून जोडायची पद्धत) ने चालतात, त्यात प्रत्येक पाकिटाला, म्हणजे नेटवरून जाणाऱ्या माहितीच्या तुकड्याला, ८ बाइट जास्तीचे लागतात, म्हणून १५०० ऐवजी १४९२ एवढंच पाकीट जातं, आणि वाटेत कुणी "पाकीट मोठं आहे" असा निरोप परत पाठवला नाही तर मोठी पाकिटं हरवत राहतात. तपासायला:

पिंग, स्पेस, डॅश कॅपिटल एम, स्पेस, डी-ओ, स्पेस, डॅश एस, स्पेस, १४७२, स्पेस, १.१.१.१

हे अडलं आणि १४७२ च्या जागी १४६४ टाकल्यावर चाललं, तर हेच आहे. जोडणीच्या सेटिंगमध्ये एमटीयूचा (सगळ्यात मोठ्या पाकिटाच्या मापाचा) रकाना असतो, तिथे १४९२ टाका. राउटरमध्ये बदलता आलं तर अजून चांगलं, घरातल्या सगळ्यांचं एकदम होतं.

वायफाय

वायफायचं कार्ड 'अनअव्हेलेबल' असेल तर आधी रेडिओ बघा:

आर-एफ-के-आय-एल-एल, स्पेस, लिस्ट

'सॉफ्ट ब्लॉक्ड' पुढे 'यस' असेल तर 'आर-एफ-के-आय-एल-एल, स्पेस, अनब्लॉक, स्पेस, वायफाय' टाका, झालं. 'हार्ड ब्लॉक्ड' पुढे 'यस' असेल तर सॉफ्टवेअर काही करू शकत नाही, जुन्या लॅपटॉपच्या कडेला किंवा पुढच्या बाजूला सरकवायचं बटण असतं, ते पुसताना सरकतं. बटण नसेल तर फंक्शन की आणि विमानाचं चित्र असलेली की एकदम दाबा.

एकाच मशीनवर विंडोजही असेल तर अजून एक शक्यता आहे. विंडोजचं 'फास्ट स्टार्टअप' चालू असलं की ते खरं बंद होतच नाही, अर्धवट झोपतं, आणि कार्ड अशा अवस्थेत सोडून जातं की लिनक्सला ते जागं करता येत नाही. विंडोजमध्ये जाऊन पॉवर ऑप्शनमधली फास्ट स्टार्टअपची खूण काढा. काल चालत होतं, आज मध्ये विंडोज उघडलं आणि नंतर लिनक्सवर वायफाय गेलं, असं कुणी सांगितलं की मी पहिलं हेच विचारते.

कार्डच दिसत नसेल तर ड्रायव्हर. 'एल-एस-पी-सी-आय, स्पेस, डॅश एन-एन-के' टाकून 'नेटवर्क कंट्रोलर' ची ओळ शोधा, तिच्याखाली 'कर्नल ड्रायव्हर इन यूज' असेल तर ड्रायव्हर लागलाय. नसेल तर कार्ड कुणाचं आहे ते वाचा. इंटेलचे ड्रायव्हर कर्नलमध्येच (लिनक्सच्या गाभ्यातच) असतात, फक्त फर्मवेअरची फाईल लागते. 'एस-यू-डी-ओ, स्पेस, डी-एम-ई-एस-जी' च्या लांबलचक मजकुरात 'फर्मवेअर' शब्द शोधा, 'फेल्ड विथ एरर -२' दिसलं तर त्याचा अर्थ एवढाच की ती फाईल सापडली नाही. डेबियनवर हे पूर्वी नेहमीचं होतं, २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ पासून फर्मवेअर इन्स्टॉलरमध्येच यायला लागलं, म्हणून जुनी पेन ड्राइव्ह वापरत असाल तर नवीन बनवा. ब्रॉडकॉमचं कार्ड असेल तर मिंटमध्ये 'ड्रायव्हर मॅनेजर' आणि उबुंटूत 'ॲडिशनल ड्रायव्हर्स' उघडा, तिथे त्याचा ड्रायव्हर सुचवलेला असतो.

पण ड्रायव्हर उतरवायला नेट लागतं आणि नेटच नाहीये, मग काय? अँड्रॉइड फोन यूएसबीच्या वायरने लॅपटॉपला लावा आणि फोनच्या सेटिंगमध्ये 'यूएसबी टेदरिंग' चालू करा. लिनक्सला तो फोन तारेच्या कार्डासारखा दिसतो, काही टाकावं लागत नाही, पाच-दहा सेकंदांत नेट येतं. या एका युक्तीने मी मामांचं, भावाचं आणि ऑफिसातल्या मैत्रिणीचं मशीन उठवलंय.

ड्रायव्हर टाकताना सिस्टीमने एक पासवर्ड ठरवायला सांगितला तर तो लिहून ठेवा. 'सिक्युअर बूट' चालू असलं की बाहेरचा ड्रायव्हर सही असल्याशिवाय चालत नाही, पुढच्या रीस्टार्टला निळा स्क्रीन येतो, त्यात 'एनरोल मॉक' निवडून तोच पासवर्ड द्यायचा असतो. लोक घाबरून 'कंटिन्यू' दाबतात, ड्रायव्हर बसलेला असूनही चालत नाही. अपडेटनंतर वायफाय गेलं असेल तर रीस्टार्ट करताना ग्रबच्या (सुरुवातीला काय चालू करायचं ते निवडायच्या) यादीत 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स' मधून जुना कर्नल निवडा, त्यावर चाललं तर दोष नव्या कर्नलमध्ये आहे, तोवर जुन्यावर काम चालवा.

आता समजा कार्ड चालतंय, नेटवर्कं दिसतात, पण जोडलं जात नाही. बघा:

एन-एम-सी-एल-आय, स्पेस, डिव्हाइस, स्पेस, वायफाय, स्पेस, लिस्ट

चॅनेल, सिग्नल, सिक्युरिटी, सगळं एका तक्त्यात येतं. तुमचं नेटवर्क यादीतच नाही, फोनला मात्र दिसतंय? राउटर फक्त ५ गिगाहर्ट्झवर असेल आणि जुनं कार्ड २.४ वालंच असेल, तर ते दिसणारच नाही. किंवा राउटर १२ किंवा १३ नंबरच्या चॅनेलवर असेल. 'आय-डब्ल्यू, स्पेस, आर-ई-जी, स्पेस, गेट' टाकून देश बघा, ०० असेल तर कार्ड जगभर चालेल अशा सावध नियमांनी वागतंय, भारतासाठी 'आय-एन' हवं. सगळ्यात सोपं म्हणजे राउटरच्या सेटिंगमध्ये चॅनेल १, ६ किंवा ११ करून टाका, हे तीन एकमेकांवर चढत नाहीत, त्यातला शेजाऱ्यांनी कमी वापरलेला कुठला ते वरच्या तक्त्यातच दिसतं.

पासवर्ड परत परत मागत असेल तर जुनी साठवलेली जोडणी काढून नव्याने जोडा, राउटर बदलून नाव तेच ठेवलं की हे होतं. पासवर्ड बरोबर असूनही मागत असेल तर राउटरमध्ये सुरक्षा 'डब्ल्यूपीए ३' आहे का बघा, जुन्या कार्डांना ती झेपत नाही, 'डब्ल्यूपीए २' आणि 'एईएस' ठेवा.

जोडलं जातं पण तुटत राहतं, ही तक्रार सगळ्यात जास्त येते. 'आय-डब्ल्यू, स्पेस, डेव्ह, स्पेस, डब्ल्यू-एल-पी-२-एस-०, स्पेस, लिंक' टाकून 'सिग्नल' बघा, आकडा उणे असतो, -५० छान, -७० कामचलाऊ, -८० ला काही धड चालत नाही. जुन्या दगडी भिंतींतून ५ गिगाहर्ट्झ फार जात नाही, आतल्या खोलीत २.४ च बरं. यूएसबीचं वायफाय असेल आणि शेजारच्या निळ्या यूएसबी पोर्टला हार्डडिस्क लावली की वायफाय मरत असेल, तर तो तुमचा भ्रम नाही, यूएसबी ३ मधून २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास गोंगाट निघतो, इंटेलने २०१२ मध्येच त्यावर लिहून ठेवलंय. एक हातभर एक्स्टेंशनची वायर लावून वायफाय लांब न्या.

सिग्नल चांगला असूनही तुटतंय तर वीज वाचवायची सेटिंग बंद करून बघा:

एस-यू-डी-ओ, स्पेस, आय-डब्ल्यू, स्पेस, डेव्ह, स्पेस, डब्ल्यू-एल-पी-२-एस-०, स्पेस, सेट, स्पेस, पॉवर अंडरस्कोर सेव्ह, स्पेस, ऑफ

फरक पडला तर कायमचं करा, कारण रीस्टार्टनंतर हे परत चालू होतं. उबुंटू आणि मिंटवर ई-टी-सी मधल्या नेटवर्क मॅनेजरच्या फोल्डरात 'कॉन्फ डॉट डी' आहे, त्यातल्या पॉवरसेव्हच्या फाईलमध्ये ३ असतो, त्याचा २ करा.

तरीही नाही झालं तर

लॉग, म्हणजे मशीनने स्वतः ठेवलेल्या नोंदी, वाचा, तो इंग्रजीत असला तरी दोन-तीन ओळीच महत्त्वाच्या असतात:

जर्नल-सी-टी-एल, स्पेस, डॅश बी, स्पेस, डॅश यू, स्पेस, नेटवर्कमॅनेजर

इथे 'नेटवर्क' चा एन आणि 'मॅनेजर' चा एम कॅपिटल, मध्ये स्पेस नाही. 'आयपी कॉन्फिग अनअव्हेलेबल' म्हणजे ॲड्रेस मिळाला नाही. 'असोसिएशन टुक टू लाँग' म्हणजे वायफाय राउटरशी जुळेपर्यंत वेळ संपली. हीच कमांड नेटवर्कमॅनेजरच्या जागी 'डब्ल्यू-पी-ए अंडरस्कोर सप्लिकंट' टाकून चालवली आणि 'फोर वे हँडशेक फेल्ड' दिसलं तर पासवर्डच चुकतोय, मोठ्याने म्हणत एकेक अक्षर परत टाका.

कुणाची मदत मागायची असेल तर नुसतं "नेट चालत नाही" पाठवू नका, एवढं पाठवा: कुठलं लिनक्स आणि कितवं, 'यू-एन-ए-एम-ई, स्पेस, डॅश आर' चं उत्तर, 'एल-एस-पी-सी-आय' मधली कार्डाची ओळ, 'आय-पी, स्पेस, ए' आणि 'आय-पी, स्पेस, राउट' चं पूर्ण उत्तर, आणि तीन पिंगमधला कितवा अडला. वायफायचा पासवर्ड कुठल्या फोटोत येत नाहीये ना, ते पाठवायच्या आधी एकदा बघा.